झाकणाच्या आतलं

मन्मथअप्पांना माणसं चालायची, त्यांची मनगटं चालायची नाहीत. गिऱ्हाइकानं घड्याळ काढून पुढं केलं की अप्पा आधी रद्दी पेपराचा एक तुकडा काउंटरवर सरकवायचे आणि हनुवटीनं खुणवायचे, ठेवा ह्याच्यावर. हातात घ्यायचे नाहीत. मग तो कागद दोन बोटांनी स्वतःकडं ओढायचे, जणू कुणी मेलेली पाल आणून ठेवली आहे. नवा माणूस ओशाळायचा. जुने लोक हसायचे आणि म्हणायचे, "अप्पा, आंघोळ करून आलोय." अप्पा म्हणायचे, "तुमी केली. घड्याळानं कवा केली?"

आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. मानवतच्या बाजारगल्लीत, कापडाच्या दुकानाला चिकटून असलेल्या चार फुटी खोक्यात बसून पंचेचाळीस वर्षांत त्यांनी घड्याळांच्या पोटातून काय काय काढलं होतं, ते ऐकलं तर जेवण जाणार नाही. घामाचा काळा लगदा, अंगाचा साबण, डोक्याचा कोंडा, तंबाखूचा चुरा, सरकीच्या पेंडीचं पीठ. एकदा तर अख्खी मुंगी निघाली होती, पंखांसकट. पिनेच्या टोकानं तो मळ उकरताना अप्पांच्या कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे आक्रसून एकाला एक लागायचे.

"सर्व्हिसिंग कवा केल्ती?" ते विचारायचे.

"सर्व्हिसिंग कशाला? चालतंय की."

हे 'चालतंय की' ऐकलं की अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चावीच्या घड्याळाला चार-पाच वर्षांतून एकदा उघडून, धुऊन, नवं तेल द्यावंच लागतं. तेल सुकतं, सुकलेल्या तेलात धूळ बसते, आणि मग घड्याळ आतल्या आत स्वतःला खरवडत राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला काटे फिरताना दिसतात, तो खूश. दिवसाला पाच मिनिटं मागं पडायला लागलं, पूर्ण चावी देऊनही दुसऱ्या दिवशी बंद दिसलं, म्हणजे वेळ कधीच होऊन गेलेली असते. हे सगळं अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, आवाज चढवून, आणि शेवटी म्हणायचे, "बंद पडल्यावर आणायला हे काय मढं हाय का?"

एक गोष्ट मात्र ते कधीच करत नसत. आधीच्या कारागिरानं आत काय घोळ घातला आहे, हे ते गिऱ्हाइकाला सांगत नसत. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण कोरतो आणि खाली महिना-साल. झाकण उघडलं की आधी कुणाचे हात लागले ते कारागिराला कळतं, गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. अप्पा तरुणपणी हैदराबादला ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकले, त्यांचा कायदाच होता की झाकणाच्या आतलं झाकणाच्या आतच ठेवायचं. ज्याची चूक त्याला एकट्याला गाठून सांगायची, बाजारात नाही. अप्पांची स्वतःची खूण होती तीन आडव्या रेघा, कपाळावरच्या पट्ट्यांसारख्या. साऱ्या जिल्ह्यात तशी खूण दुसऱ्या कुणाची नव्हती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

चार वर्षांपूर्वी अप्पांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. त्याआधी दोन-तीन वर्षं त्यांना अंधुक दिसत होतं, पण ते कबूल कोण करणार? बायको गौराबाई रोज म्हणायच्या, परभणीला जाऊन दाखवून या. अप्पा म्हणायचे, दिसतंय की. मग कोरोना आला आणि आयतीच सबब मिळाली. शेवटी एक दिवस ते दुकानाच्या पायरीवरून पडले तेव्हा गौराबाईंनी त्यांना धरून नेलं. ऑपरेशन करून घरी आल्यावर अप्पांनी दारात उभं राहून विचारलं होतं, "दाराला निळा रंग कवा दिला?" गौराबाई म्हणाल्या, "आपल्या निकिताच्या लग्नाला. तीन वर्षं झाली." ही गोष्ट घरात हसण्यावारी गेली आणि अप्पाही हसले.

डिसेंबरातल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला पोखर्णीचा योगीराज दुकानात आला. पस्तिशीचा, पुण्यात नोकरीला असलेला, इस्त्रीचा शर्ट. अप्पांनी कागद सरकवला. त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढून त्यावर ठेवलं आणि अप्पा चक्क खुर्चीत पुढं झाले.

जाड पोलादी घड्याळ, विहिरीच्या खोल पाण्यासारखी निळी डायल, डायलमध्ये आणखी तीन छोटी वर्तुळं आणि बाजूला चावीच्या वर एक, खाली एक अशी दोन बटणं. पळणाऱ्याची वेळ मोजायचं घड्याळ. वरचं बटण दाबलं की लांब तांबडा काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की टणकन उडी मारून बाराच्या रेघेवर येतो. यायला पाहिजे.

अप्पांनी खालचं बटण दाबलं. काटा रेघेच्या दोन सेकंद पुढं जाऊन थांबला. काटा पळवून पुन्हा दाबलं. आता एक सेकंद मागं. तिसऱ्यांदा दाबलं तर साडेतीन पुढं.

"थू!" अप्पा म्हणाले.

त्यांनी डोळ्याला भिंग लावून काचेतून पाहिलं. काटा ज्या सुईएवढ्या दांडीवर दाबून घट्ट बसवायचा असतो, तिच्यावर तो तिरका आणि सैल बसला होता. दर उडीला घसरत होता, पळायला लागतानाही घसरत असणार. वर्तुळांच्या कडेला पिवळट तेलाचा ओघळ सुकला होता. असं घड्याळ त्यांच्या हयातीत फार तर दोन-तीनदा मानवतात दिसलं होतं, आणि त्याची ही दशा.

"ह्यो काटा कुणी बसवलेला न्हाई," ते म्हणाले, "टेकवलाय. आंधळ्यानं टेकवावा तसा. कवा केल्ती सर्व्हिसिंग?"

"सहा वर्षं झाली. बाबांनी इथंच मानवतला कुणाकडं तरी दिल्तं. मी पुण्यात होतो, मला मालूम न्हाई."

योगीराजचे बाबा म्हणजे बन्सीधर गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाचे मास्तर. हे घड्याळ त्यांना त्यांच्या फौजेतल्या मामांनी दिलं होतं आणि तीस वर्षं तालुक्यातली पोरं त्याच्यावर पळाली होती. गुरुजींनी वेळ सांगितली की ती वेळ, पुन्हा कुणी विचारायचं नाही.

"सर्व्हिसिंग करून आणलं अन् महिन्यातच तालुक्याच्या स्पर्धा होत्या," योगीराज सांगू लागला. "रिटायर व्हायच्या आधीच्या शेवटच्या. बाबांची वेळ अन् दुसऱ्या सरांच्या डिजिटलची वेळ जुळंना. एका पोरीचा पहिला नंबर दुसरीला गेला. पालक भांडायला उठले. कुणीतरी माइकवर मनलं, गुरुजी, बोट थकलंय तुमचं, घरी बसा आता. सगळं मैदान हसलं."

"अन् घड्याळ कुणी तपासलं न्हाई?"

"मी फोनवर मनलो त्यांना, बाबा, घड्याळात बिघाड असंल. तर मनले, न्हाई रे, आत्ताच लय चांगल्या हाताखालून निघालंय ते. काटा जरा हलतोय, पण जुन्या घड्याळाचा हलतोच. चुकायलंय ते माझं बोट." योगीराजनं रुमाल घडी करून खिशात घातला. "कपाटात ठेवलं. शिट्टीबी परत हातात घेतली न्हाई. मागच्या साली गेले. आता सोमवारी शाळेत त्यांच्या नावानं पळायच्या शर्यती ठेवल्यात. ह्याच घड्याळावर वेळ घ्यायची हाय."

अप्पांना संताप अनावर झाला. कुणा नालायकानं दोन मिनिटांचं काम धड केलं नाही आणि एक सज्जन माणूस स्वतःच्या बोटाला दोष देत मेला. त्यांनी घड्याळ उपडं केलं. मागच्या झाकणाच्या खाचेपाशी एक ताजा, चकचकीत ओरखडा होता.

"हे परवा-काल कुणी उघडलं?"

"काल स्टँडसमोरच्या सूर्यभानकडं दाखवल्तं. त्यानं उघडलं, आत बघितलं अन् लगेच लावून टाकलं. मनला, हे माझं काम न्हाई, अप्पांकडंच न्या."

झालं. अप्पांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं. सूर्यभान वीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडंच चार वर्षं काम शिकला होता. हात चांगला होता. पण दुकान सोडून त्यानं एसटी स्टँडसमोर टपरी टाकली, घड्याळांबरोबर मोबाइलची कव्हरं आणि टीव्हीचे रिमोट लटकवले, आणि अप्पांनी त्याचं नाव टाकलं. कुणी विचारलंच तर 'तो सेल बदलणारा' म्हणायचे. आता त्यानं आत स्वतःची जुनी करणी ओळखली होती, घाबरून झाकण लावलं होतं आणि घाण निस्तरायला अप्पांकडं पाठवली होती. दुसरा काय अर्थ निघतो?

योगीराज तहसीलच्या कामाला गेला, चार वाजता येतो म्हणाला. अप्पांनी घड्याळ उघडलंसुद्धा नाही. कागदासकट उचललं, खोक्याला कुलूप घातलं आणि भर बाजारातून स्टँडकडं निघाले.

परमेश्वरचं चहाचं हॉटेल सूर्यभानच्या टपरीला खेटून आहे. जिंतूरची गाडी लागायची होती, त्यामुळं बाकांवर दहा-बारा माणसं होती. सूर्यभान मान खाली घालून एका मोबाइलची काच चिकटवत होता. अप्पांनी त्याच्यासमोर घड्याळ धरलं.

"हे ओळखतूस का?"

सूर्यभाननं वर पाहिलं. चाळिशीचा माणूस, पण अप्पांना पाहून उभा राहिला, हात पँटला पुसले. "व्हय अप्पा. काल आल्तं."

"काल न्हाई. सहा वर्षांमागं आल्तं." अप्पांचा आवाज चढला तशी बाकांवरची बडबड थांबली. "काटा बसवायची अक्कल न्हाई तर उघडतूस कामून? पोखर्णीच्या बन्सीधर गुरुजींचं घड्याळ हाय हे. तुझ्या ह्या करणीनं त्या देवमाणसाची भर मैदानात बेइज्जती झाली. माइकवर हसले लोक त्याला. हातातली शिट्टी सुटली ती सुटलीच. अन् तू काल गुपचूप झाकण लावून माझ्याकडं धाडतूस?"

"अप्पा," सूर्यभान हळू म्हणाला, "तुमी झाकण उघडून बघितलं का?"

"उघडायची गरज काय? बाहेरून वास यायलाय."

"दुकानात जा. एकटे बसा अन् उघडून बघा आधी. मग मला काय बोलायचं ते बोला."

अप्पांना तो शुद्ध उर्मटपणा वाटला. "मला शिकवतूस? पंचेचाळीस वर्षांत असलं निळ्या डायलचं घड्याळ माझ्या हाताखालून गेलं असतं तर मला सपनात आठवलं असतं. मन्मथच्या हातचा काटा असा बसत न्हाई." ते बाकांकडं वळले. "ऐकायलाव ना सगळे? ह्याच्याकडं घड्याळ देण्यापरीस हिरीत टाका."

सूर्यभानचे कान लाल झाले होते आणि हातातला चिमटा तो उगाच उघडत-मिटत होता. परमेश्वर गल्ल्यावरून उठला, टपरीशी आला आणि नजर चुकवत म्हणाला, "सूर्यभान, माझ्या सासऱ्याचं घड्याळ पडलंय ना तुझ्याकडं, दे इकडं. मी अप्पांकडंच टाकतो." मग बाकावरच्या आणखी एकानं आपलं मागितलं. सूर्यभाननं खण उघडून दोन्ही घड्याळं काढून दिली. अप्पांनी आपला अंगरखा झटकला, जणू त्या टपरीची धूळ त्यांना लागली होती, आणि ते परत फिरले.

डबा खाल्ला. नीट गेला नाही, पण तो रागाचा परिणाम. मग साबणानं दोनदा हात धुऊन, पांढरं फडकं अंथरून, अप्पांनी भिंग लावलं आणि झाकण फिरवून काढलं.

आतून कुबट वास आला. कडेनं मळाची काळी वर्तुळं, सुकून लाख झालेलं तेल. अप्पांनी नाक मुरडलं आणि झाकण उताणं करून दिव्याखाली धरलं.

तीन आडव्या रेघा होत्या. खाली १२-१९.

त्यांनी झाकण फडक्यानं पुसलं आणि पुन्हा पाहिलं. रेघा तिथंच होत्या. वरची सरळ, मधली तिरकी, खालची तर मधलीला ओलांडून गेलेली. अप्पांच्या रेघा पट्टीनं आखल्यासारख्या असायच्या. एक क्षणभर त्यांना जी आशा वाटली, तिची त्यांना पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली. ही खूण सूर्यभाननं कोरली असेल, त्यांना वाटलं. कालच कोरली असेल, माझ्या नावावर घाण ढकलायला. पण खरडीच्या खोबणीत सहा वर्षांचा मळ भरलेला होता आणि असला मळ किती दिवसांत जमतो हे सांगायला त्यांना कुणाची गरज नव्हती.

डिसेंबर एकोणीस. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतली घड्याळं एसटीचा कंडक्टर मुंजाजी एका कापडी पिशवीत घेऊन यायचा, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. अप्पा चिठ्ठी डोळ्यांपाशी नेऊनही वाचू शकत नसत, मुंजाजीच वाचून दाखवायचा. त्यातलं एक जाड घड्याळ त्यांना आता आठवलं. दोन बटणांचं. काळ्या डायलचं.

काळ्या. घरचं दारही तेव्हा त्यांना काळंच दिसायचं.

काटा बसवताना त्यांनी काय केलं होतं, तेही आठवलं, आणि ते आठवू नये असं फार वाटलं. दांडीचं टोक दिसत नव्हतं. त्यांनी बोटाच्या अंदाजानं काटा वर ठेवला होता आणि हलकेच दाबला होता. जोरात दाबला तर डायलला लागेल ही भीती. बटण एकदा दाबून पाहिलं, काटा बाराच्या आसपास कुठंतरी आला. आणि अप्पा मनाशी म्हणाले होते, चालतंय की.

त्यांनी भिंग काढून फडक्यावर ठेवलं. आयुष्यभर लोकांच्या मनगटाच्या मळाला नाकं मुरडली, आणि त्या दोन-तीन वर्षांत ह्या खुर्चीत बसून त्यांनी स्वतः किती घड्याळांत अशी घाण करून ठेवली होती? पन्नास? शंभर? प्रत्येकाच्या आत तीन रेघा.

खणात काचपेपर होता. झाकण कुणाला दिसत नाही. दोन मिनिटं घासलं की रेघा जातील, काटा नीट बसवला की घड्याळ चोख चालेल, आणि सोमवारी सगळे अप्पांचं नाव घेतील. त्यांनी काचपेपर काढला. खालची रेघ घासली. पोलादाची बारीक काळी पूड फडक्यावर पडली, अंगठ्याला लागली. रेघ गेली. दुसरीवर कागद ठेवला तेव्हा त्यांना टपरीत उभा असलेला सूर्यभान दिसला, लाल कानांचा. एकटे बसा अन् बघा. त्या गड्यानं काल हे झाकण उघडलं होतं, आपल्या उस्तादाची, अप्पांची, खूण ओळखली होती आणि तोंड मिटून परत लावलं होतं. अप्पांनी काचपेपर टाकून दिला. अंगठ्यावरची काळी पूड त्यांनी धोतराला पुसली, पुसली तरी जाईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना साबणाकडं जायचं धाडस झालं नाही.

दुकान उघडंच टाकून ते स्टँडकडं निघाले.

जिंतूरची गाडी कधीच गेली होती, पण हॉटेलात सकाळचे निम्मे लोक होतेच. ही जागा सुटणारी नसते. अप्पा टपरीसमोर उभे राहिले आणि तळहातावर झाकण धरून मोठ्यानं म्हणाले, "हे मी केलंय. सहा वर्षांमागं. मोतीबिंदू झाल्ता, दिसत नव्हतं, तरी केलं. ह्याचा काय बी गुन्हा न्हाई."

परमेश्वर कनवाळूपणे हसला. "जाऊ द्या अप्पा. वयमानानं व्हतंय. तुमचं इतकं काम, एखादं चुकायचंच."

"चुकायचंच," बाकावरून दुसरा म्हणाला. "बसा, चहा घ्या."

सकाळी सूर्यभानची चूक आहे म्हटल्यावर ह्याच लोकांनी खणातली घड्याळं काढून नेली होती. आणि अप्पांची आहे म्हटल्यावर चहा. "मला चहा न्हाई पायजे," ते खेकसले. "त्याची घड्याळं त्याला परत द्या आधी."

परमेश्वरनं मान डोलावली, सासऱ्याचं घड्याळ आणायला वळला आणि मधेच थांबला. त्यानं बाही वर करून स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं. "अप्पा," तो म्हणाला, "माझंबी त्याच साली केल्तं की तुमी." बाकावरचे आणखी दोघे आपापल्या मनगटाकडं पाहायला लागले. अप्पांनी मान खाली घातली.

"आणा," ते म्हणाले. "त्या दोन-तीन वर्षांतली सगळी आणा. फुकटात करून देतो. मी न्हाई, हा बघंल आधी."

मग ते सूर्यभानकडं वळले. "काल दिसलं तुला. बोलला कामून न्हाईस? सकाळी मी एवढं बोललो, तवा तरी?"

"तुमीच शिकवलंय," सूर्यभान म्हणाला. "झाकणाच्या आतलं बाजारात सांगायचं न्हाई. ज्याचं त्याला एकट्याला सांगायचं." त्याचा आवाज पहिल्यांदा जरा कडवट झाला. "मी सांगायलोच होतो. तुमी ऐकायला तयार नव्हता."

अप्पा टपरीत शिरले, स्टुलावर बसले आणि घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं. "तू बसव. मला दिसतंय आता, पण आज हात धड न्हाई." सूर्यभाननं घड्याळ मोकळं केलं, सुकलेलं तेल काढलं, दांडी पुसली, दुसऱ्या भिंगातून अप्पा पाहत राहिले. चुकलं तर सांगावं म्हणून, पण सांगण्यासारखं काही निघालं नाही. काटा बसला. बटण दाबलं, शून्यावर. पुन्हा दाबलं, शून्यावर. वीस वेळा दाबून पाहिलं.

झाकण लावण्याआधी अप्पांनी ते मागून घेतलं. सुई घेतली आणि घासून टाकलेली तिसरी रेघ जिथं होती तिथं पुन्हा कोरली. तिरकी, होती तशीच. मग सुई सूर्यभानपुढं केली. त्यानं खाली आपलं 'सू' कोरलं आणि महिना-साल घातलं.

चार वाजता योगीराज बाजारगल्लीत आला तेव्हा अप्पा दुकानात परत येऊन बसले होते. त्यांनी घड्याळ स्वतःच्या हातात धरून पुढं केलं, कागदाशिवाय. बटण दाबून दाखवलं. योगीराजचा चेहरा उजळला.

"कमाल केली अप्पा. तुमच्याकडंच यायला पायजे होतं आधी."

"आधी माझ्याकडंच आल्तं," अप्पा म्हणाले. "गुरुजींनी मुंजाजीच्या हातानं माझ्याकडंच धाडल्तं. तवा मला दिसत नव्हतं. अंदाजानं काटा बसवला अन् देऊन टाकलं. आज सूर्यभाननं नीट केलाय." त्यांनी मान खाली घालूनच पुढचं म्हटलं, कारण ते म्हणावंच लागणार होतं. "गुरुजींचं बोट चुकत नव्हतं. शेवटपर्यंत बरोबर होतं."

योगीराज ओरडला नाही. ओरडला असता तर अप्पांना बरं वाटलं असतं. त्यानं घड्याळाकडं पाहिलं, ते धरलेल्या अप्पांच्या हाताकडं पाहिलं, अंगठ्यावर अजून काळा डाग होता. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, झटकून उघडा केला आणि अप्पांच्या हातातलं घड्याळ त्या रुमालात, बोटाला बोट लागू न देता, उचलून घेतलं.